तुझ्या आईचे मासे

नौबाद, बीदर
१२ जानेवारी २०२५, रविवार

चि. विजयश्रीस,
आशीर्वाद आहेतच, तू घे किंवा घेऊ नकोस.

फोन तू उचलत नाहीस. माझे मेसेज तुला पोचतच नाहीत, नंबर अडवून ठेवता येतो, हे मला शेजारच्या काशप्पानं समजावून सांगितलं. तेहतीस वर्षं शाळेत शिकवून मला इतकंही ठाऊक नव्हतं. म्हणून हे रजिस्टर पोस्ट. घ्यायचं नसेल तर पोस्टमनला नको म्हण. परत आलं तर तू कलबुर्गीतच त्याच घरात आहेस, एवढं तरी कळेल.

आई जाऊन दहा महिने झाले आणि दहा महिने तू माझ्याशी एक शब्द बोललेली नाहीस. मला तो एक शब्द हवाय. शिवी असली तरी चालेल. पण आज मी त्याबद्दल लिहीत नाही. आज विषय माशांचा आहे.

तुझ्या आईच्या फिश टँकमधले पाच कोरी जातीचे मासे अजून जिवंत आहेत. दोन माद्या, तीन नर. दिवसभर तळाच्या वाळूत मिशा खुपसून फिरतात. मी सकाळी दोन गोळ्या टाकतो आणि रविवारी निम्मं पाणी बदलतो, बस्स. गेल्या रविवारी बादली रात्रभर ओसरीत राहिली होती, पाणी बर्फासारखं झालेलं. तसंच ओतलं. सोमवारी सकाळी काचेवर बारीक पिवळट ठिपके दिसले, भिजल्या साबुदाण्यापेक्षाही लहान. मला वाटलं, आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार. नवी घासणी घेतली आणि काच अशी लख्ख केली की तुझ्या आईनंसुद्धा नाव काढलं असतं.

गुरुवारी राजूबाई आली, समोरच्या घरातली. मी मोठ्या फुशारकीनं काच दाखवली. ती खालीच बसली. "गुरुजी, ती अंडी हुती की. शैलक्का वरीसभर त्येची वाट बघायची, आन् तुमी घासून काढलाव?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मोठी मादी आता सात वर्षांची आहे. आणखी किती वेळा अंडी घालेल कोण जाणे. पिल्लं कशी जगवायची हे आईनं तुला शिकवलं होतं, मला कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. तिची वही आहे, पण ती कन्नडमध्ये. मी कन्नडची खात्याची परीक्षा एक्केचाळीस मार्कांनी पास झालेला माणूस, छापील पाटी अक्षर-अक्षर लावून वाचतो. तुझ्या आईचं हस्ताक्षर माझ्या बापाच्यानं वाचवणार नाही.

एक ओळ लिही. काय करायचं तेवढंच लिही.

अप्पा


नौबाद
२६ जानेवारी, रविवार

चि. विजू,

पत्र परत आलं नाही. म्हणजे तू घेतलंस. उत्तर आलं नाही, ते ठीक आहे.

मी पुन्हा थंड पाणी ओतलं. यावेळी मुद्दाम, मोजून. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आईच्या स्टुलावर बसलो ते साडेअकरापर्यंत उठलो नाही. मादी पोटाखालचे दोन पर ओंजळीसारखे जोडते, त्यात तीन-चार अंडी धरून काचेशी येते, तोंडानं काच साफ करते आणि मग पोट टेकवून ती चिकटवते. परत खाली जाते. दमते, वाळूवर पडून राहते, परत येते. मी तुझ्या आईला कितीदा म्हटलं होतं, तास न् तास त्या काचेत काय बघतेस म्हणून.

त्र्याण्णव अंडी. मी मोजत असतानाच एक नर वर आला आणि त्यानं सहा खाल्ली. नंतर ज्या मादीनं घातली होती तीच खाऊ लागली. मी काचेवर हात आपटला, त्याचा काय उपयोग. मग बोटानं एकेक अंडं सोडवून प्लास्टिकच्या डब्यात घेतलं, त्यात हवेची नळी सोडली. राजूबाईला एवढंच आठवत होतं. तिसऱ्या दिवशी दोन अंडी पांढरी पडली, त्यांच्यावर कापसासारखी बुरशी आली. चौथ्या दिवशी सगळ्यांवर. डबा अंगणात ओतला आणि तिथंच उभा राहिलो. काशप्पानं कुंपणावरून विचारलं, "गुरुजी, कामून रडायलाव?" मी म्हटलं, सर्दी झालीय.

विजू, मी वेडा झालो नाही. मला एवढंच वाटतं की तिच्या हातचं काहीतरी माझ्या हातून जगावं.

आता ते दुसरं. टाळून किती टाळणार.

तू हैदराबादला आईसाठी खाट मिळवायला गेली होतीस. सकाळी दहाला तुझा फोन आला, खाट मिळाली, उद्या सकाळपर्यंत थांबा, मी अॅम्ब्युलन्स घेऊन येते. आणि मी बारा वाजता बीदरच्या दवाखान्यात, स्वतःच्या जबाबदारीवर नेतो असं लिहून सही केली आणि तिला घरी आणलं. तू झहीराबादपर्यंत परत आली होतीस तेव्हा ती गेली. तू एकच विचारलंस, आई काय म्हणाली होती? मी सांगितलं, ती म्हणाली, पुरे. तू म्हणालीस, आदल्या दिवशी फोनवर ती तुला म्हणाली होती, मला घेऊन चल, मी बरी होते. आणि म्हणालीस, अप्पा, तुम्ही खोटं बोलायलाव.

मी खोटं बोललो नाही. दवाखान्यातल्या दहा मिनिटांच्या भेटीत तिनं तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि एक शब्द म्हणाली. तो ऐकून मी सही केली. आजही हेच सांगतो.

अप्पा


नौबाद
९ फेब्रुवारी, रविवार

विजू,

घाईत लिहितोय, अक्षराला नावं ठेवू नकोस.

गुरुवारी मोठ्या मादीनं पुन्हा अंडी घातली. धाकटी आता पाण्याच्या वरच्या थरात नुसती लोंबकळते, तिचं काही खरं नाही. अंडी डब्यात घेतली आणि वही काढून काशप्पाकडे गेलो. अडला हरी. त्यानं चष्मा लावला आणि सरळ वाचत सुटला. पाण्यात निळ्या औषधाचे दोन थेंब. पांढरं अंडं दिसलं की चमच्यानं लगेच काढणे. देशी बदामाचं वाळलं पान टाकणे. पिल्लं फुटल्यावर दोन दिवस काही खायला न देणे, मग राजूबाईकडून उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, सुईच्या टोकावर मावेल एवढाच.

आपल्या घरात! गळ्यात लिंग बांधलेली बाई, कांद्याच्या भज्यांचं तेलसुद्धा कुणाच्या घरचं आहे विचारणारी, आणि समोरच्या घरून कागदात बलक आणवत होती. मी हसलो. काशप्पाही हसला. खूप दिवसांनी हसलो.

पुढची ओळ त्यानं कन्नडमधेच मोठ्यानं वाचली. "मरी ब्यारे इट्टु साकु."

मी विचारलं, मरी म्हणजे पिल्लं, ब्यारे इट्टु म्हणजे वेगळी ठेवून, हे मला कळलं. मग पुढं 'पुरे' कशाला लिहिलंय?

त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "पुरे न्हाई गुरुजी. साकु म्हंजे पाळ. पोस. पिल्लं येगळी ठिवून पोस, आसं म्हनायल्यात. पुरे बी साकुच आन् पोस बी साकुच. बोलन्यावरनं कळतंय."

विजू, दवाखान्यात तुझी आई 'पुरे' म्हणाली नव्हती. ती म्हणाली, "साकु."

मी तुला मराठी करून सांगितलं. जन्मभर मुलांच्या निबंधातले कन्नड शब्द लाल शाईनं खोडले, तसाच तिचाही खोडून वर मराठी लिहिला. घरात ती माझ्याशी मराठीच बोलायची. पण ताप आला, राग आला की कन्नड. त्या दिवशी नेहमीसारखं मागं मानाचं 'री' लावायचंही त्राण तिला नव्हतं. ताटात जास्त भात वाढला की ती हात आडवा धरून साकु म्हणायची. मला तोच अर्थ माहीत होता. मी तोच घेतला, बाहेर येऊन डॉक्टरांना सांगितलं, बाई पुरे म्हणतेय, आणि सही केली.

आणखी एक, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. घरी आणल्यावर दुपारी तिनं खाटेवरून हात उचलला होता, टँकच्या दिशेनं. मला वाटलं पाणी मागतेय. मी चमच्यानं पाणी पाजलं. तिनं तोंड फिरवलं, पुन्हा हात उचलला. मी पुन्हा पाणी पाजलं.

ती जर माशांबद्दल बोलत असेल तर? 'मी हैदराबादला जातेय, येईपर्यंत तुम्ही यांना सांभाळा' एवढंच म्हणत असेल तर? परत येणारी बाईच असं सांगते. मग मी काय करून बसलो, सांग. हैदराबादला ती वाचलीच असती असं डॉक्टरही म्हणाले नव्हते, पण तिनं नको म्हटलं नव्हतं ना.

त्या बाईचं कन्नड तू तिच्या मांडीवर ऐकलंयस. ती 'पुरे' कशी म्हणायची आणि 'पोस' कसं म्हणायची, हे जगात तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. मी तो आवाज रोज आठवतो आणि आठवून आठवून तो झिजला आहे. आता मला माझाच आवाज ऐकू येतो.

मला खरंच माहीत नव्हतं, विजू. दुसरा अर्थ मला माहीत नव्हता.

अप्पा


नौबाद
१६ फेब्रुवारी, रविवार

विजू,

अंडी फुटली. एक्केचाळीस पिल्लं. आठ दिवसांपूर्वी मी हे लिहिताना नाचलो असतो. पापणीच्या केसाएवढी आहेत, डब्याच्या तळाशी पानाखाली दडून बसतात. राजूबाई सकाळ-संध्याकाळ बलक आणून देते. काल माझा हात जड पडला, पाणी नासलं आणि बावीस मेली. आता एकोणीस आहेत. धाकटी मादी शुक्रवारी गेली.

गेल्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे.

तुझी अफजलपूरची शिवम्मा आजी तुझ्या आईची सख्खी आई नव्हती, हे तुला ठाऊक आहे. तिनं तिला दीड वर्षाची असताना बहिणीकडून आणून वाढवलं. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा शिवम्मानं पहिलं वाक्य हेच सांगितलं होतं, ही माझी साकु मगळु, पण पोटच्यापेक्षा जास्त. मी शेजारी बसलेल्यांना अर्थ विचारला होता, पाळलेली मुलगी. पुढं प्रत्येक सणाला तो शब्द ऐकला. म्हातारी मरतानाही तोच म्हणाली. मला माहीत नव्हतं, असं कुठल्या तोंडानं लिहिलं मी?

आता खरं लिहितो. एकदाच लिहिणार आहे.

तिनं साकु म्हटलं तेव्हा मला दोन्ही अर्थ आठवले. एकामागून एक नाही, एकदमच. वाकून 'काय साकु?' एवढं विचारायचं होतं. भेटीची चार मिनिटं शिल्लक होती, भिंतीवर घड्याळ होतं. मी विचारलं नाही. ती दुसरं काही म्हणेल याची मला भीती वाटली.

चौदा महिने, विजू. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पहाटे रिक्षा, तिथं पाच तास बाकड्यावर, परत आल्यावर तिच्या उलट्या, रात्री तीनदा उठून तिला धरून न्यायचं. तू शनिवारी यायचीस, सोमवारी जायचीस, नोकरी होती तुला, तक्रार नाही. माझं अंग दुखायचं, मी बोललो नाही. पुरे मला झालं होतं. तिचा शब्द कानावर पडला आणि मला माझाच ऐकू आला. हैदराबाद म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, तिथली बाकडी, तिथले जिने. तिनं स्वतःच माझी सुटका केली असं मला वाटलं. मला बरं वाटलं, विजू. दवाखान्याच्या दारातून स्ट्रेचर बाहेर काढताना मला बरं वाटलं होतं.

यापुढं तू नाही बोललीस तरी मी कारण विचारणार नाही.

अप्पा


कलबुर्गी
२ मार्च, रविवार, दुपार

विजू,

हे तुझ्या दाराबाहेरच्या पायरीवर बसून लिहितोय. कागद तुझ्याच पेपरवाल्याच्या बिलाची मागची बाजू आहे, दाराच्या कडीत अडकवलेलं होतं.

सकाळच्या गाडीनं आलो. मांडीवर पिशवी होती, पाण्याची, आणि तिच्यात अकरा पिल्लं, बाकीची आठ त्याच आठवड्यात गेली. समोर एक पोलीस बसला होता, तो कमठाण्यापासून विचारत होता यात काय आहे, काय आहे. शेवटी दाखवलं. त्यानं पिशवी उजेडाकडे धरली आणि म्हणाला, मिशा फुटल्यात की. फुटल्यात खऱ्या. आता करंगळीच्या नखाएवढी झालीत, पाठीवर हिरवट रंग चढलाय. अकरा दिवसांत एकही मेलं नाही.

ती लाच म्हणून आणलेली नाहीत. घरी परवा दोन तास लाईट गेली आणि हवेची नळी बंद पडली. मी हातपंख्यानं वारा घालत बसलो. तेव्हा कळलं की माझ्या एकट्याच्या जिवावर ही राहणार नाहीत. माझं वय झालं, माझा हात जड आहे, आणि मी ऐकण्यातही चुकतो. तुझ्याकडे आईनं दिलेला जुना टँक आहे. ती नक्की काय म्हणाली ते मला मरेपर्यंत कळणार नाही. पण ती जर 'पोस' म्हणाली असेल, तर निदान तेवढं तरी वाया जाऊ नये.

मी बेल दोनदा वाजवली. तू आत आहेस. मिक्सर चालू होता, माझा आवाज ऐकल्यावर तो बंद झाला. त्यालाही आता पाऊण तास झाला. समोरच्या बाई मला पाणी देऊन गेल्या आणि कुणाचे कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं, इथल्या मॅडमच्या आईच्या घरून आलोय.

पायरीवर आता ऊन आलंय. पिशवीचं पाणी कोमट लागतंय. दार माझ्यासाठी उघडू नकोस. नुसती फट कर, मी पिशवी आत ठेवतो आणि चारच्या गाडीनं जातो. पण लवकर कर गं. लवकर कर.

हे दाराखालून सरकवतोय.

अप्पा


(त्याच कागदावर, समासात, निळ्या शाईनं)

अप्पा,
चारही पत्रं वाचली. प्रत्येक पत्र दोनदा वाचलं.
तुम्ही खोटं बोललात, हे मी वर्षभर धरून बसले होते. त्याच रागावर माझे दिवस चालले होते. तुम्ही वाकून विचारलं नाही, हे मी विसरणार नाही.
पण 'पुरे' हा शब्द आईच्या तोंडात कधीच नव्हता. मी तिची मुलगी. तुम्ही पुरे म्हणालात तेव्हाच मी विचारायला हवं होतं, तिचा शब्द कोणता. मी पण विचारलं नाही.
दाराची कडी काढते. पिशवी आधी द्या. बोलेन की नाही ते मला अजून माहीत नाही, पण चारची गाडी राहू द्या.
विजू